जे फळले नाही, त्याला काय म्हणावे?

सार्वजनिक पैशातून उभे राहिलेले एखादे काम उपयोगाचे ठरले नाही, की पुण्यात त्याबद्दल दोन वेगळ्या भाषांत बोलले जाते. एक भाषा सोसायटीच्या बैठकीतली आणि बसथांब्यावरची. तिच्यात 'पैसे पाण्यात गेले', 'सगळं वाया', 'प्रोजेक्ट फेल' एवढ्यात विषयाचा निकाल लागतो. दुसरी भाषा कार्यालयातली. तिच्यात कोणतेही काम कधी फसत नाही. ते 'प्रगतिपथावर' असते, 'प्रलंबित' असते, त्याबाबत 'आवश्यक ती कार्यवाही करण्यात येत' असते, आणि यातले काहीही म्हणण्याची सोय उरली नाही, की ते प्रकरण 'दप्तरी दाखल' होते. नक्की काय फसले, कोणत्या टप्प्यावर फसले आणि कशामुळे फसले, हे दोन्ही भाषांतून कळत नाही. ते कळत नसल्यामुळे तेच काम काही वर्षांनी नव्या नावाने, नव्या निविदेसह पुन्हा पुढे येते. मराठीत निष्फळतेचे प्रकार वेगवेगळे करणारे शब्द भरपूर आहेत. ते सार्वजनिक व्यवहारात नेमकेपणाने वापरले गेले पाहिजेत, त्यांतला एखादा मात्र कायमचा सोडला पाहिजे, आणि जो खरोखर निष्फळ नाही त्याला निष्फळ म्हणण्याची सवयही मोडली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

'निष्फळ' हा शब्द केवळ परिणामाबद्दल बोलतो. प्रयत्न झाला, फळ आले नाही, इतकेच तो सांगतो. करणाऱ्याची नियत किंवा बुद्धी त्याच्या कक्षेत येत नाही. 'व्यर्थ' म्हणताच आपण एक पायरी पुढे जातो आणि तो प्रयत्न करण्यातच अर्थ नव्हता असे सुचवतो. 'वाया गेले' असे त्याच वस्तूबद्दल म्हणता येते, जिला आधी काही मोल होते आणि जे नंतर हातचे गेले. उरलेले अन्न वाया जाते, सडके धान्य वाया जात नाही. 'कुचकामी' हा शब्द तर ऐन गरजेच्या वेळी दगा देणाऱ्या गोष्टीसाठी राखून ठेवावा इतका नेमका आहे: इमारतीच्या जिन्यात वर्षानुवर्षे लटकलेले आणि मुदत उलटून गेलेले अग्निशामक नळकांडे निरुपयोगी दिसत नाही, आग लागेपर्यंत तर नाहीच, पण ते कुचकामी असते. मग 'रखडले' आणि 'बारगळले' यांतला फरक: रखडलेल्या कामाची आशा अजून जिवंत असते, बारगळलेल्याची संपलेली असते. आणि 'फोल' किंवा 'पोचट' हे शब्द थेट धान्यातून आलेले आहेत. सुपात पाखडताना जे वाऱ्यावर उडून जाते ते फोलपट. दाण्यासारखे दिसणारे, पण आत काही न भरलेले, ते पोचट. बाहेरून पूर्ण आणि आतून रिकामे, ही अवस्था 'निष्फळ'पेक्षा निराळी आहे आणि आपल्या सरकारी योजनांत ती चांगलीच परिचयाची आहे. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात याच पुण्यात सात खंडांत छापला गेला. अशा शब्दांच्या छटा त्यात पाहत बसावे इतक्या आहेत. शब्दांची उणीव ही आपली अडचण कधीच नव्हती.

यातला एक शब्द जरा थांबून पाहण्यासारखा आहे, कारण तो आपण सर्रास चुकीचा वापरतो. 'भाकड'. भाकडकथा, भाकड चर्चा, भाकड योजना असे म्हणताना आपल्या मनात कायमचे आटलेले, पोसायला जड झालेले काहीतरी असते. गोठ्यात मात्र या शब्दाचा अर्थ तेवढाच नाही. दुभत्या गाईला पुढच्या वेताआधी साधारण दोन महिने मुद्दाम आटवतात, दूध काढणे थांबवतात, आणि या अवधीला दुग्धव्यवसायात भाकड काळ असेच म्हणतात. या काळात कासेला विश्रांती मिळते, नव्या वेताची तयारी होते. तो काळ दिला नाही तर पुढच्या वेतात दूध कमी येते. म्हणजे दूध न देणारी गाय त्या दोन महिन्यांत निष्फळ नसते. तिच्याकडे पाहून 'विकून टाका' म्हणणारा आणि दर सहा महिन्यांनी संशोधनसंस्थेकडे 'काय निघाले' अशी विचारणा करणारा, हे दोघे एकाच समजुतीचे बळी आहेत. सार्वजनिक कामांतही असा भाकड काळ असतो. नवी बसव्यवस्था रुळायला, नव्या शिक्षणपद्धतीत शिक्षक तयार व्हायला, लावलेली झाडे सावली द्यायला वेळ लागतो. त्या अवधीत फळ मागणे अन्यायाचे आहे. त्याचबरोबर, दहा वर्षे आटलेल्या योजनेला 'अजून भाकड काळ चालू आहे' म्हणत राहणे हीदेखील फसवणूकच आहे. म्हणून काम सुरू करतानाच तो काळ किती, हे लिहून ठेवावे लागते. आपल्याकडे निविदेत काम पूर्ण करण्याची मुदत असते. फळ कधी अपेक्षित आहे याची मुदत कुठेही नसते.

आता पुण्यातील उदाहरणांकडे येऊ, कारण शब्द ढिलाईने वापरले की काय होते ते इथे रस्त्यावर दिसते. २००६ च्या डिसेंबरात कात्रज-स्वारगेट-हडपसर या मार्गावर बीआरटी सुरू झाली. बसला स्वतंत्र मार्गिका देण्याचा देशातला हा पहिलाच मोठा प्रयोग होता. मार्गिका सलग नव्हती. चौकांपाशी ती तुटत होती. दुचाक्या आणि मोटारी तिच्यात बिनदिक्कत घुसत होत्या. थांब्यापर्यंत पायी पोहोचणे म्हणजे वाहनांच्या धारेतून वाट काढणे होते. नगर रस्त्यावरची मार्गिका पुढे उखडून टाकण्यात आली. आज कोणत्याही सामान्य पुणेकराला विचारले, तर 'बीआरटी फेल गेली' हेच उत्तर मिळेल. पण काय फेल गेले? बसला स्वतंत्र मार्ग देण्याची कल्पना? तसे असते तर शेजारच्या पिंपरी-चिंचवडमध्ये २०१५ पासून सांगवी फाटा ते किवळे मार्गावर तीच कल्पना तुलनेने बरी का चालली, आणि पुण्यानंतर तीन वर्षांनी, २००९ मध्ये, अहमदाबादने ती का उचलली, याचे उत्तर द्यावे लागेल. पुण्यात जे झाले त्याचे खरे नाव 'अर्धवट' असे आहे. अर्धवट केलेल्या गोष्टीला निष्फळ म्हटले, की दोष कल्पनेवर जातो आणि अर्धवट करणारे सुटतात. या एका शब्दाच्या चुकीमुळे शहरातील बसप्रवाशांची एक अख्खी पिढी 'ते पुण्यात चालत नाही' या समजुतीवर मोठी झाली. त्याचा फायदा कोणाला झाला हे सांगण्यासाठी पुण्याच्या रस्त्यांवरील दुचाक्यांकडे एकदा पाहणे पुरेसे आहे.

विद्यापीठ चौकातील उड्डाणपुलांची गोष्ट वेगळी आहे. ते अर्धवट नव्हते. ते पूर्ण झाले, वापरात आले, त्यांच्यावरून वर्षानुवर्षे वाहतूक झाली, आणि सुमारे पंधरा वर्षांतच, जुलै २०२० मध्ये, मेट्रो आणि नव्या दुमजली पुलासाठी जागा करण्याकरिता ते पाडण्यात आले. त्यांना 'निष्फळ' म्हणता येत नाही, कारण फळ काही काळ मिळालेच. 'वाया गेले' हे मात्र तंतोतंत लागू पडते: मोल होते, आणि ज्या पुलाने कित्येक दशके उभे राहायला हवे होते तो पुढच्या गरजेचा विचार न करता बांधल्यामुळे हातचा गेला. इथे जाब आखणी करणाऱ्यांना विचारायला हवा. बीआरटीत तो अंमलबजावणी करणाऱ्यांना विचारायला हवा. दोन्हींना 'पैसे पाण्यात' म्हणणारा नागरिक दोघांनाही एकाच वेळी मोकळे सोडतो.

आणि मुळा-मुठा? नद्यांत जाणारे सांडपाणी रोखण्यासाठी जपानच्या 'जायका' संस्थेच्या कर्जातून सुमारे ९९० कोटी रुपयांचा प्रकल्प मंजूर झाला, करार जानेवारी २०१६ मध्ये झाला, अकरा नवी शुद्धीकरण केंद्रे त्यात धरली होती, आणि प्रत्यक्ष बांधकामाला हात लागेपर्यंत वर्षांमागून वर्षे गेली. या विलंबाच्या काळात 'नदी सुधारणे व्यर्थ आहे' असे म्हणणारे पुष्कळ भेटत. ज्याचा प्रयत्नच झालेला नाही ते व्यर्थ कसे ठरेल? ते भिजत पडलेले घोंगडे होते. १९८७ च्या विकास आराखड्यात दाखवलेला आणि कागदावरून खाली न उतरलेला उच्च क्षमता वर्तुळाकार मार्ग याच जातीचा.

नागरिकांच्या ढिल्या शब्दांबद्दल मी इतके लिहिले, तरी माझा मोठा आक्षेप कार्यालयीन मराठीवर आहे. सरकारी तक्ता ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्याचे रकाने पाठ असतील: अनुक्रमांक, विषय, केलेली कार्यवाही, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात बहुधा एकच शब्द असतो, 'निरंक'. माहिती अधिकारात विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरही पुष्कळदा 'माहिती निरंक आहे' असे येते. निरंक म्हणजे काहीही नाही. पण काहीही नाही हे अनेक कारणांनी असू शकते: कोणी मोजले नाही म्हणून, मोजले आणि शून्य आले म्हणून, मोजले पण लपवायचे आहे म्हणून, किंवा हा प्रश्न त्या खात्याचाच नाही म्हणून. निरंक या सगळ्यांवर सारखाच पांढरा रंग फासतो. शून्य ही माहिती असते. निरंक ही माहितीची अनुपस्थिती असते. आणि आपल्या तक्त्यांत दोन्ही एकाच शब्दात लिहिली जातात.

याच भाषेतला दुसरा नमुना 'उपयोगिता प्रमाणपत्र'. नावावरून कोणालाही वाटेल, की काम उपयोगी पडले याची ही पावती असावी. तिचा मुख्य हेतू असतो मिळालेला निधी ठरलेल्या कामावर खर्च झाला हे दाखवण्याचा. खर्च होणे हाच उपयोग, हे समीकरण आपल्या प्रशासनाच्या नसानसांत इतके भिनलेले आहे, की मार्चअखेर 'निधी परत गेला' ही बातमी होते आणि 'निधी खर्च झाला, पण काही साधले नाही' ही होत नाही. वास्तविक केंद्र सरकारने २००५ मध्येच खर्चाबरोबर निष्पत्तीचाही हिशेब मांडणारे अंदाजपत्रक सादर करायला सुरुवात केली. 'फलनिष्पत्ती' हा शब्दही सरकारी कागदांत रुळला, शाळांमध्ये 'अध्ययन निष्पत्ती' आली. फळाला शब्द मिळाला, पण फळ न येण्याला तो मिळाला नाही. फलनिष्पत्तीच्या रकान्यात सहसा पुन्हा झालेल्या कामाचेच वर्णन असते: इतक्या कार्यशाळा घेतल्या, इतकी पत्रके वाटली, इतक्या लाभार्थ्यांना प्रशिक्षण दिले. त्या प्रशिक्षणातून कोणाला काम मिळाले का, हा प्रश्न तक्त्याबाहेर राहतो. तुरीवर एक विषाणूजन्य रोग येतो, त्याला शेतकरी वांझ रोग म्हणतात. झाड हिरवेगार राहते, भरपूर फुटवे धरते, लांबून पाहणाऱ्याला जोमदार वाटते, आणि शेंग एकही येत नाही. आपल्या कित्येक अहवालांना तो रोग झालेला आहे.

या उदाहरणात 'वांझ' शब्द आला, आणि त्याबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. मराठी वर्तमानपत्रांत आणि व्याख्यानांत 'वांझोटी चर्चा', 'वांझोटा संताप', 'वांझोटी बैठक' हे प्रयोग अजूनही डौलाने वावरतात. ते लिहिणाऱ्यांच्या मनात कोणा बाईला दुखावण्याचा हेतू नसतो हे मला मान्य आहे. पण या शब्दाचा सारा जोर कुठून येतो? ज्या बाईला मूल झाले नाही तिला ओटीपासून, डोहाळजेवणापासून, बारशापासून दूर ठेवणाऱ्या, तिच्या तोंडावर तो शब्द फेकणाऱ्या चालीतून येतो. मूल न होण्याच्या कारणांत पुरुषाचा वाटाही मोठा असतो हे वैद्यकाने केव्हाच दाखवून दिले आहे. तरी माणसांपुरता हा शब्द बाईलाच चिकटलेला राहिला. ज्या अपमानाला आपण घरात थारा देऊ इच्छित नाही, त्याच्याच बळावर अग्रलेख धारदार करणे मला पटत नाही. तुरीच्या रोगाचे नाव शेतीत रूढ आहे, ते बदलण्याचा आग्रह मी धरणार नाही. माणसांच्या कामांना मात्र तो शब्द लावू नये.

यावर आक्षेप येतो, की अशाने भाषा मिळमिळीत होईल. शेतीची आणि घरातली भाषा जशी आहे तशीच रांगडी राहू द्या, प्रत्येक शब्दाला सोवळे नेसवू नका, असे म्हणणारे माझे काही मित्रही आहेत. त्यांची भीती खोटी नाही. तिचे उत्तर मराठीतच आहे. 'पोचट चर्चा', 'फोल आश्वासन', 'पोकळ संताप' यांत कोणता जोर कमी पडतो? शिवाय 'वांझोटी' हा शब्द अर्थाच्या दृष्टीनेही चुकीचा आहे. तो क्षमताच नाही असे सांगतो. ज्या बैठकीत योग्य माणसे होती, प्रश्न माहीत होता, अधिकारही होते आणि तरीही निर्णय झाला नाही, तिच्यात क्षमता होती. तिथे चुकारपणा झाला. 'वांझोटी' म्हटले की चुकारपणा निसर्गाच्या माथी मारला जातो.

उलट्या बाजूची चूकही तितकीच महाग पडते: ज्यातून काही 'निघाले नाही' असे वाटते, पण ज्याने आपल्याला फार मोलाचे काही सांगितले, त्याला निष्फळ म्हणण्याची. कोविडच्या पहिल्या वर्षी बरे झालेल्या रुग्णांचे प्लाझ्मा देण्याने उपयोग होतो का, हे पाहण्यासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने एप्रिल ते जुलै २०२० या काळात देशातील ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर चाचणी घेतली. निष्कर्ष स्पष्ट होता: आजार तीव्र होणे किंवा मृत्यू, यांपैकी काहीही प्लाझ्माने टळत नव्हते. हा निष्कर्ष त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये जगापुढे छापून आला. तरीही २०२१ च्या वसंतात, दुसऱ्या लाटेत, पुण्यातील प्रत्येक भ्रमणध्वनीवर 'बी पॉझिटिव्ह प्लाझ्मा तातडीने हवा' असे निरोप फिरत होते आणि धास्तावलेले नातेवाईक एका रक्तपेढीतून दुसऱ्या रक्तपेढीत धावत होते. प्लाझ्मा उपचारसूचीतून वगळला गेला तो मे २०२१ मध्ये. ती चाचणी 'अयशस्वी' नव्हती. ती अत्यंत यशस्वी होती. तिने विचारलेल्या प्रश्नाला खणखणीत 'नाही' असे उत्तर मिळाले होते. निष्फळ होते ते प्लाझ्मा. उपचार आणि त्याची चाचणी या दोघांना एकच विशेषण लावले, की 'नाही' हे उत्तर कोणाच्या कानावर पडत नाही. भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत २००५ मध्ये एचआयव्हीविरोधी लशीची माणसांवरील पहिली भारतीय चाचणी सुरू झाली. लस सुरक्षित निघाली, पण तिने अपेक्षित प्रतिकारशक्ती जागवली नाही. ती लस पुढे गेली नाही एवढेच बहुतेकांच्या लक्षात राहिले. त्या वाटेने जाण्यात वेळ घालवू नये हे कळले, हा लाभ कोणी जमेस धरला नाही.

म्हणून माझी मागणी साधी आणि थोडी रटाळ आहे. महापालिकेच्या प्रत्येक मोठ्या कामाच्या नोंदीत, काम पूर्ण झाल्यानंतर आधी ठरवलेल्या अवधीने, 'शेरा' या रकान्यात निरंकऐवजी काहीतरी अर्थपूर्ण लिहिणे बंधनकारक करावे: फळले, अर्धवट राहिले, निष्फळ ठरले, वाया गेले, किंवा अजून भाकड काळात आहे. प्रत्येक शब्दापुढे दोन ओळी कारण. पुण्याला ही कल्पना परकी वाटू नये. १९३० मध्ये स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांचे प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष लाभ काय झाले याची पाहणी करून १९४८ मध्ये ती प्रसिद्ध केली. कालवा खोदला गेला यावर समाधान न मानता त्या पाण्याने लोकांच्या आयुष्यात काय बदलले हे मोजायचे असते, हा धडा इथेच गिरवला गेलेला आहे.

'निष्फळ' असे लिहिणारा अधिकारी दुसऱ्या दिवशी विरोधकांच्या हाती सापडेल, ही अडचण खरी आहे. नोंद त्याच विभागाने लिहायची ठरवली, तर सगळेच फळले असे लिहिले जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको. म्हणून ती विभागाबाहेरच्या कोणीतरी लिहावी: एखाद्या विद्यापीठ विभागाने, संशोधनसंस्थेने, किंवा केवळ खर्च तपासणाऱ्या लेखापरीक्षणाची कक्षा वाढवून लेखापरीक्षकांनी. आणि 'निष्फळ' लिहिल्याबद्दल कोणावरही आपोआप कारवाई होऊ नये. कारवाई 'अर्धवट' आणि 'वाया'साठी राखून ठेवावी, कारण प्रामाणिक प्रयोग फसणे आणि हातातले काम सोडून देणे यांना एकच शिक्षा असेल, तर प्रयोग कोणीच करणार नाही. पहिली नोंद कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गिकेची करावी. तिच्यापुढे 'अर्धवट' लिहावे, आणि खालच्या दोन ओळींत मार्गिका कुठे कुठे तुटत होती त्या चौकांची नावे द्यावीत.